हंड्यांमुळे नाही

दिंडोशी, रविवार

आई, जयभीम.

मी बरी आहे. पप्पा दोन्ही वेळ जेवतात ना?

सम्यक तुझ्या पोटात असताना तू पाण्याचे हंडे वाहिलेस म्हणून त्याचे स्नायू झिजले आणि तो गेला, असं तू परत म्हणालीस. तसं नाही गं, त्याचा आजार जनुकातला होता. आमच्या प्रयोगशाळेत बेडकाच्या अंड्याचे दोन भाग झाले की एका भागातलं स्नायू घडवणारं जनुक आम्ही बंद करतो. मग पिल्लाची ती बाजू लुळी राहते, ते गोल गोल पोहतं. त्यात त्याच्या आईचा काही दोष नसतो.

काल अशाच एका पिल्लाकडे बघत बसले होते. शेजारच्या टेबलावरची श्रुतिका म्हणाली, "काय गं, जेवायचं नाही का?" सम्यकचं मी इथे कुणालाच सांगितलेलं नाही.

फोनवर त्याचं नाव काढ. या वेळी मी विषय बदलणार नाही.

तुझी,
चेतना