मालनचं पान

नेसरी, सप्टेंबर २००४

दादा,

तीर्थरूप लिहायला हात उचलत न्हाय.

धाकट्या बहिणीला वेड्यांच्या इस्पितळात टाकून आलास आणि आम्हाला सांगितलंस, मालन मेली. वर दर म्हाळाला पितरांबरोबर तिचंबी पान वाढून कावळ्याला हाका मारतोस. थू तुझ्या जिनगानीवर!

चैत्रात इस्पितळातल्या बाई तिला माझ्या दारात घेऊन आल्या. म्हणाल्या, "आता घरातच ठेवा, गोळ्या गावच्या दवाखान्यात मिळतील." दर बुधवारी डॉक्टर येतो. मालन म्हस पिळती, डेअरीला दूध घालती. काल विचारत होती, "दादा माझ्या पानात काय वाढतो गं?"

परवाच्या म्हाळाला तिला घेऊन येणार हाय. पान वाढून ठेव. हे पत्र मात्र टाकणार न्हाय. आधी कळलं तर दाराला कुलूप घालून पळशील.

तुझ्या दोन जित्या बहिणींतली थोरली,
शेवंता