माडीच्या पाच खिडक्या

२ फेब्रुवारी, सोम.

उशीवर पुन्हा काळे कण. नदीकडच्या शेतातला ऊस तुटला, आज पहाटेच पाचट पेटवलं. मंदानं नाकाला पदर लावून चादर झटकली, मग जिन्याच्या पायरीवर बसून खोकत राहिली. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभा. दुसरं काय येतं मला.

शहाद्याच्या डॉक्टरांनी दिवाळीतच सांगितलं होतं : राख, धूर बंद करा, नाहीतर पुढच्या हिवाळ्यात ऑक्सिजनचं मशीन घरात आणावं लागेल. खाली झोपवावं तर खाली ओल. माडीवर झोपवावं तर पाचही खिडक्यांच्या फटींतून बोट जातं.

बदलायच्या. काचेच्या, गच्च बसणाऱ्या. भगवान मिस्त्रीला निरोप धाडला.

४ फेब्रु., बुध.

मिस्त्री आला. मापं घेतली. तसा तो कमीच बोलतो, पण आज फारच कमी. पहिली खिडकी काढायला दोन तास. चौकट अशी हळू उतरवली, वर गोणपाटात गुंडाळली. माझा पारा चढला. म्हटलं, अरे जळणात जायची आहे ती, इतकं काय कौतुक. त्यानं गाठ मारली आणि गोणपाट भिंतीला टेकवून ठेवलं.

समोरचे रमणभाई ओट्यावर येऊन उभे. ऊसवाले, केळीवाले, गल्लीचे पुढारी. परवानगी काढली का गुरुजी? म्हटलं, खिडकी माझी, दम बायकोचा, परवानगी कोणाची?

तीन वाजता पुरातत्त्व कार्यालयातून फोन आला. गल्ली देवळाच्या संरक्षित हद्दीत आहे, काम थांबवा, उद्या कार्यालयात या. देवळापुढचा तो बोर्ड रोज बघतो. त्याच्यावर लिहिलेलं आपल्यासाठी असतं हे सुचलं नाही. कोणी कळवलं? संशय र.भाईंवर. पुरावा नाही.

काढलेल्या खिडकीच्या जागी निळी ताडपत्री. आधी फट होती, आता भोक.

५ फेब्रु.

नंदुरबार. कार्यालयातल्या मॅडम तरुण, पण सरळ बोलणाऱ्या. फाइल उघडून माझ्यापुढे सरकवली. आठ वर्षांपूर्वी गल्लीची पाहणी झाली होती, तिचे कागद. त्यात माझा फोटो, खिडकीशेजारी, छाती काढून. खाली माझ्याच हस्ताक्षरात : ‘सदर खिडक्या मूळ असून अंदाजे दोनशे वर्षांच्या आहेत.’ अक्षर सुरेख. ड्रॉइंग मास्तरचं अक्षर सुरेखच असणार.

मॅडम म्हणाल्या, इतक्या जुन्या असतील तर काढता येणार नाहीत, आहेत तशाच दुरुस्त करा. अलीकडच्या असत्या तर प्रश्न नव्हता. लाकडी चौकटीत काच, आठवड्यात परवानगी.

मी विचारलं, आणि त्या अलीकडच्या आहेत असं निघालं तर?

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “मग तसं लिहून द्या. पुरातन मूल्य नाही, असं स्पष्ट. आणि माहीतगार साक्षीदाराची सही.”

परतीच्या बसमध्ये सगळा वेळ मान खाली.

६ फेब्रु.

आजवर कुठेच लिहिलं नाही ते इथे लिहितो.

मूळ खिडक्या वाळवीनं खाल्ल्या. मी तेव्हा चौथीत. वडिलांनी दगडू मिस्त्रीकडून नव्या करून घेतल्या. दगडू म्हणजे भगवानचा बाप. नक्षीसाठी फुलं पाहिजे होती, जुनी तर हातात घेताच भुगा व्हायची. दगडूनं मला म्हटलं, तू काढ रे फुलं, तुझा हात चांगला आहे. मी वहीच्या कागदावर काढली. पाच पाकळ्यांची, एक पाकळी बारकी. त्यानं तीही बारकीच कोरली.

म्हणजे दोनशे वर्षांची नक्षी नऊ वर्षांच्या पोरानं काढलेली.

मग नोकरी लागल्यावर एकदा शाळेची सहल देवळाला आणली. पोरं कंटाळली होती. सहज म्हटलं, ह्या बघा, दोनशे वर्षांच्या खिडक्या, असे कारागीर आता राहिले नाहीत. पोरांनी आ वासला. मला बरं वाटलं. दर वर्षी सांगितलं. महाशिवरात्रीला आलेल्यांना सांगितलं. मग पाहणीवाले आले, त्यांना लिहून दिलं. खोटं बोललो असं तेव्हा वाटलंसुद्धा नाही. इतकं ते पाठ झालं होतं.

७ फेब्रु., शनि.

मंदाला सांगितलं. भाजी निवडत होती. देठ हातातच राहिला.

“इतला वरीस लोकेसले लबाड सांगं, आते खरं बोलाले कागद लागस का?”

हसली, हसता हसता ढास लागली. मी पाठ चोळत बसलो. शांत झाल्यावर म्हणाली, मिस्त्रीकडे तुम्ही जा, त्याला बोलवू नका.

निवेदन लिहिलं. चार ओळी. चौथी मॅडमची : ‘सदर खिडक्यांना कोणतेही पुरातन मूल्य नाही.’

८ फेब्रु.

मिस्त्रीकडे गेलो. त्यानं रंधा खाली ठेवला, कागद वाचला. पुन्हा वाचला. साक्षीदार म्हणून तोच योग्य, तेव्हा लाकूड धरायला तो होता, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. मी घाईघाईनं सगळं सांगितलं, दम, डॉक्टर, मशीन. त्यानं ऐकून घेतलं. मग शांतपणे बोलला. हे जसंच्या तसं लिहितो.

“गुरुजी, मन्हा बाप तुमना ओटावर बशीसन आयके. तुम्ही पोरेसले सांगेत, असा कारागीर आते ऱ्हायना नही. तो घर यीसन हासे. मरस तोपावत हासना तो.”

खरंच बसायचा दगडू ओट्यावर, विडी ओढत. मी त्याच्या डोक्यावरून बोट करून पोरांना खिडकी दाखवायचो.

पुढे म्हणाला, खरं सांगायला सही करेन. पण आजवर बापाचं नाव नव्हतं म्हणून या खिडक्या मोलाच्या, आणि नाव आलं की जळणाच्या. ते मी माझ्याच सहीनं लिहू? कागद घडी करून खिशात घातला. बघतो म्हणाला.

लाज वाटते. साधी सरळ लाज.

९ फेब्रु.

बातमी फुटली. र.भाई घरी. चहा घेतला नाही, म्हणजे राग खरा. म्हणाले, गल्ली सरकारी दुरुस्तीच्या यादीत आली ती तुमच्या खिडक्यांमुळे. माझ्या पडक्या भिंतीचं काम त्यातच मंजूर झालं, अर्धं बाकी आहे. तुम्ही आता उठून खोटं होतं म्हणालात तर सगळी गल्ली खोटी ठरेल. थोडं थांबा, पावसाळ्यापर्यंत.

पावसाळ्यापर्यंत मंदानं श्वास घ्यायचा नाही का, विचारलं. ते म्हणाले, तसं नाही हो. खाली पाहून गेले. माणूस वाईट नाही. मी त्यांच्या जागी हेच बोललो असतो.

ताडपत्री वाऱ्यानं फडफडते. मं. तिच्याकडे पाठ करून झोपते.

१० फेब्रु., मंगळ.

मिस्त्री सकाळीच आला. हातात कागद, चौथी ओळ पेन्सिलनं खोडलेली. ही ओळ काढा, बाकीच्याला सही. मी म्हटलं, नेमकी तीच ओळ मॅडमना पाहिजे. तो म्हणाला, ठाऊक आहे.

मग त्यानं गोणपाट सोडलं, चौकट उन्हात उभी केली आणि माझं बोट धरून खाचेवरून फिरवलं. म्हणाला, लाकूड सुकलंय, झिजलंय, सडलं नाही. बापानं केल्या तेव्हा यातून दिव्याला वारा लागत नव्हता. खाच नव्यानं मारू, आतून रबराची पट्टी, तिच्यामागे काच. बाहेरून दगडूचीच खिडकी.

मी म्हटलं, आणि नाही जमलं तर? मंदा पायरीवर ऐकत होती.

“बाईले धूर लागना, ते मीच काढसू पाची. मंग ती ओळ बी मन्हा हातनी लिखी देसू.”

मंदानं होकाराची मान हलवली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिचा दम, तिनं ठरवलं. मला हे पटलंय का? नाही. तिच्या छातीवर कसला प्रयोग करायचा? पण बोलायचं तोंड नाही उरलेलं.

१२ फेब्रु.

नवा कागद नेऊन दिला. ‘या खिडक्या दगडू मिस्त्री यांनी केल्या. फुलं मी काढली, इयत्ता चौथीत. आधी लिहून दिलेलं खोटं होतं.’ खाली आम्हा दोघांच्या सह्या.

मॅडमनी वाचलं. यात मूल्य आहे की नाही ते लिहिलेलं नाही, म्हणाल्या. म्हटलं, ते आम्हाला ठरवता आलं नाही. वर पाठवते म्हणाल्या, उत्तर कधी येईल सांगता येत नाही. आधीच्या खोट्या निवेदनाबद्दलही विचारणा होईल. दुरुस्तीला मात्र हरकत नाही. आहे तसंच ठेवून करा.

१५ फेब्रु., रवि. महाशिवरात्र.

गल्ली भरलेली. मिस्त्री माडीवर, पटाशीचा आवाज खाली येत होता. पहिली खिडकी जागेवर बसली, दुसरी-तिसरीही. काच पक्की करायची लांबी अजून ओली, तिचा वास.

दुपारी एक कुटुंब थांबलं. त्यांतला एक माझा जुना विद्यार्थी निघाला, पोरांना खिडक्या दाखवायला आणलेलं. सर, सांगा ना यांना, दोनशे वर्षांचं. र.भाई समोर ओट्यावर, कान इकडे. वरचा आवाज थांबला.

म्हटलं, दोनशे नाहीत. या दगडू मिस्त्रीनं केल्या, मी त्याच्यासमोर बसून फुलं काढली, आणि तुला तेव्हा खोटं सांगितलं. विद्यार्थी हसला, त्याला वाटलं थट्टा. मी हसत नाही हे पाहून त्यानं हसू आवरलं. पोरांनी एकदा वर पाहिलं आणि जत्रेतल्या पाळण्यांकडे जायचा हट्ट धरला. र.भाई उठून आत गेले.

वर आवाज पुन्हा सुरू व्हायला वेळ लागला.

१६ फेब्रु.

पाचही बसल्या. र.भाईंचा निरोप : उद्या सकाळी त्यांच्या शेतातलं पाचट पेटवणार, वारा गावाकडे आहे. सांगितलं हे चांगलं केलं. मंदाला म्हटलं, दोन दिवस नंदुरबारला बहिणीकडे जा. नाही म्हणाली. मी गेले तर कळणार कसं?

रागावलो. तिनं रागावू दिलं.

१७ फेब्रु., मंगळ.

आठ वाजता पेटवलं. साडेआठला गल्ली दिसेनाशी झाली. माडीवर आम्ही तिघं, खिडक्या बंद, गॅलरीच्या दाराखाली ओलं फडकं. मंदा मधल्या खिडकीखाली खुर्चीवर. दम्याचा पंप मांडीवर. मिस्त्री एकेका सांध्यावरून ओला तळहात फिरवतो, राख लागली का ते दिव्याकडे नेऊन बघतो, पुसतो. पहिल्या तीन खिडक्यांवर काही नाही. बाहेर काचेवर राख बसते आहे.

इथेच बसून लिहितो. हात थांबला की तिच्या छातीकडे नजर जाते.

नऊ. चौथ्या खिडकीपाशी मिस्त्रीनं तळहात दोनदा पाहिला. मला दाखवला नाही, मी विचारलं नाही.

नऊ दहा. मंदा एकदा खोकली. लहानसा. घसा साफ करावा तसा, किंवा तसा नाही. मिस्त्रीनं हात खिडकीवरून काढला आणि तिच्याकडे पाहत उभा राहिला. तिनं डोळे मिटलेत. पंपाला हात लावलेला नाही. आम्ही दोघं तिच्या पुढच्या श्वासाची वाट बघतो आहोत.