सुतळीच्या पाच गाठी

डाळिंबाचा मळा, ता. सांगोला
७ जुलै २०२४

ति. शहाजीमामांना सुकन्याचा वाकून नमस्कार. वि. वि.

पत्र बघून तुमी मामीला म्हणाला असाल, फोन असताना ही पोरगी कागद का खराब करती? मामा, ह्या घरात फोनवर बोलणं म्हणजे चावडीवर बोलणं. आत्याबाईंना कमी ऐकू येतं, म्हणून फोन कायम मोठ्या आवाजात. आणि सासूला जे ऐकू आलं ते थोरल्या लेकाला चहाच्या कपाबरोबर मिळतं. तवा उत्तर पोस्टानंच धाडा. पोस्टमन मला बागेतच गाठतो.

काम असं हाय. ह्यांनी घेतलेला छोटा ट्रॅक्टर मीच चालवते, हे तुमाला ठाव हाय. चालवायला कुणाची गरज न्हाय. पण मागं अवजार जोडायचं म्हटलं की दोन माणसं लागत्यात. एकानं अवजार उचलून धरायचं, दुसऱ्यानं पिन घालायची. सकाळी गवत काढायची पास, दुपारी सरीचा फाळ, म्हणजे दिसातनं दोनदा थोरल्या दिरांना हाक. बापूभावजी कधी न्हाय म्हणत न्हाईत. पण येतात आपल्या सवडीनं, बांधावर उभं राहून माझ्या बागेतल्या चुका मोजतात, आणि गावात सांगतात की धाकट्याचं रान मीच करतो.

आता परवा ह्यांचा सुरतेहून फोन आला. दिवाळीला आले की ठरवायचं म्हणतात. आमच्या वाटणीची अडीच एकर बाग दादाला करायला द्यायची आणि मी सुरतेला जायचं. लग्नाला दोन वर्षं झाली, किती दिवस मेसचं खायचं म्हणतात. वाईट बोलत न्हाईत मामा, म्हणून तर भांडता येत न्हाय. पण मला सुरत नको. ही बाग तेल्या रोगातनं मी वाचवलीय, एकेक फांदी छाटून. हे दिवसभर क्रेन चालवणार, मग त्यांच्या खोलीत बसून मी काय करू?

मला एकटीला जोडता-सोडता येईल असं काय तरी करून द्या, दिवाळीच्या आत. एकटीनं झेपतंय हे डोळ्यानं दिसलं तर मला बोलायला तोंड राहील.

तुमच्या मायेच्या भरवशावर,
सुकन्या


शुक्रवार पेठ, सोलापूर
२० जुलै २०२४

चि. सौ. सुकन्या हिला शहाजीमामाचे पोटभर आशीर्वाद.

सात वर्षांची असताना तू माझ्या सायकलची चेन काढून ठेवलीस आणि मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीपर्यंत चालत कामाला गेलो. तवाच मी तुझ्या आईला म्हणालो होतो की ही पोरगी मला म्हातारपणी कामाला लावणार. लावलंस की!

काळजी करू नको. टॉवेलच्या कारखान्यात तीस वर्षं माग दुरुस्त करतोय, तुझं अवजार काय मोठं. माझा विचार असा हाय: प्रत्येक अवजार वेगळं जोडत बसण्यापेक्षा एकच आडवा लोखंडी दांडा करायचा. पास काय, फाळ काय, त्याच दांड्यावर सरकवायचा आणि आवळायचा. मालकानं भंगारातला चौकोनी पाइप न्यायला होकार दिलाय. पाळी सुटल्यावर मी आणि माझ्या जोडीला काम करणारा रेवणप्पा जोडकाम करतोय. रेवणप्पा कन्नडमध्ये शिव्या घालतो आणि मराठीत मदत करतो, तवा काम नीट होणार.

मामी विचारती, अजून घरात पाळणा हाय का न्हाय? मी म्हणालो, ट्रॅक्टर हाय की. ती रुसलीय. तब्येतीला जप.

आठवण काढत जा, हितं रोज निघती.
तुझा मामा


डाळिंबाचा मळा
२६ ऑगस्ट २०२४

ति. मामांना सुकन्याचा नमस्कार. वि. वि.

दांडा पोचला. डाळिंबं टाकून सोलापूरहून परतणाऱ्या टेम्पोनं आला. रंग लई झकास, जोड तर बोट फिरवलं तरी लागत न्हाईत. पण मामा, त्याला दोन्ही टोकांना मुठी हाईत! एक मूठ मी धरली, दुसरी कोण धरणार? मी आधी हसले आणि मग बांधावर बसून रडले, खरं तेच सांगते.

तेवढ्यात भावजी आले. त्यांनी दुसरी मूठ धरली, पट्दिशी दांडा चढला. म्हणाले, तुझा मामा शहाणा माणूस हाय, ह्याला दोघं लागतात हे त्याला कळतं. आणि दिवसभर गावात तेच सांगत फिरले. मला त्या दिवशी भाकरी गोड लागली न्हाय.

दांडा त्याच टेम्पोनं परत धाडतेय. रागावू नका. बरोबर सुतळी हाय. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले आणि आत्याबाईंनी गाठी मारल्या. जमिनीपासनं पहिली गाठ गुडघा, दुसरी कंबर, तिसरी कोपर, चौथी खांदा, पाचवी टाळू. आत्याबाईंनी कशाला म्हणून एका शब्दानं विचारलं न्हाय. भावजी मात्र ओट्यावरनं बघत होते. मामा, ह्या सुतळीएवढंच माणूस हाय माझ्याकडं, दुसरं न्हाय. दिवाळीला दोन म्हैने राहिलेत.

रागवा, पण विसरू नका.
सुकन्या


शुक्रवार पेठ, सोलापूर
१८ सप्टेंबर २०२४

चि. सौ. सुकन्या हिला मामाचे आशीर्वाद, आणि ह्या खेपेला माफी बी.

तुझं पत्र रेवणप्पाला वाचून दाखवलं. आमी दोघं एकमेकाकडं बघतच राहिलो. अगं, मागावर सूत गुंडाळलेला जड बीम चढवायचा म्हणजे दोन टोकांना दोन माणसं. तीस वर्षं मी एकट्यानं काय उचललेलंच न्हाय. दांडा दहा वेळा चढवून बघितला, दहाही वेळा दुसऱ्या टोकाला रेवणप्पा होता. एकटी हा तुझा शब्द मी वाचला आणि हातानं मात्र दोघांचं करून ठेवलं. लाज वाटली मला.

आता ऐक. दोन्ही मुठी कापल्या. दांड्याचे दोन तुकडे केले, एकावर पास, एकावर फाळ. ट्रॅक्टरच्या मागं एक लोखंडी त्रिकोण कायमचा बसवायचा. दोन्ही तुकड्यांना त्याच आकाराची खोबण केलीय. अवजारं लोखंडी घोडीवर उभी राहणार. तू ट्रॅक्टर मागं घ्यायचा आणि लिव्हर ओढून त्रिकोण वर उचलायचा. त्रिकोण खोबणीत शिरला की खटका आपोआप पडतो. सोडायचं तर घोडीवर टेकवून बसल्या जागी खटक्याची मूठ ओढायची. कुणाला हाक मारायची गरजच न्हाय.

तुझी सुतळी माझ्या खाटेवरच्या खिळ्याला हाय. मूठ कुटं यावी, घोडी किती उंच असावी, सगळं गाठींवरनं ठरवलं. मामी तुझ्याच अंगाची, तिला स्टुलावर बसवून पन्नास वेळा मूठ ओढायला लावली. रेवणप्पाला हात लावू दिला न्हाय. उंच माणसाला ही जोडणी जरा अडचणीची होईल. होऊ दे की, आपल्याला काय त्याचं?

दसऱ्याला पोचेल. मग माझी भाची आणि तिची बाग.

लोभात काटकसर न करणारा,
तुझा मामा


डाळिंबाचा मळा
७ नोव्हेंबर २०२४

ति. मामा-मामींना सुकन्याचा नमस्कार. वि. वि.

जोडणी चालली मामा. दसऱ्यापासनं मी एकदाबी भावजींना हाक मारली न्हाय.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी हे, भावजी, आत्याबाई, सगळे अंगणात होते. मी ट्रॅक्टर काढला. मागं घेतला, त्रिकोण उचलला, खटका टक्कन पडला, पास वर. परत घोडीवर टेकवली, मूठ ओढली, सुटली. शेजारचा फाळ उचलला. सीटवरनं पाय खाली टेकवला न्हाय. आत्याबाईंनी चक्क टाळी वाजवली. हे तर इतके खूश झाले की स्वतः दोनदा जोडून बघितलं, आणि तुमची तारीफ करून करून दमले.

जेवायला बसल्यावर हे म्हणाले, आता काळजीच मिटली. एका माणसाचं काम झालंय, तर दादा एकटा दोन्ही रानं बघील, तू निर्धास्त चल माझ्याबरोबर. भावजींनी मान हलवली. आत्याबाई ताटातच बघत होत्या.

हातातला घास खाली ठेवला. मी म्हणाले, पण हे मी केलंय ना, मला येतंय ना. हे हसले आणि म्हणाले, येतंय म्हणून तर तू सुटलीस त्यातनं. किती राबशील? आणि मामा, माझ्या ताटात स्वतःच्या हातानं पुरणपोळी वाढली सगळ्यांसमोर. आता अशा माणसाला काय बोलायचं? एका माणसानं होतंय एवढं मी जिवाचं रान करून दाखवलं. ते माणूस कोण, हे कुणी विचारलंच न्हाय.

सोळा तारखेला निघतोय. सुरतेचा पत्ता मागं लिहिलाय. तुमी वाईट वाटून घेऊ नका, तुमचं काम चोख होतं.

आशीर्वादाला नवा पत्ता विसरू नका.
सुकन्या


डाळिंबाचा मळा, ता. सांगोला
१२ जानेवारी २०२५

ति. शहाजीमामा यांसी बापूसाहेबाचा सादर प्रणाम. विनंती विशेष.

आपण चि. सौ. सुकन्याकरिता केलेली ट्रॅक्टरची जोडणी फार उपयोगी आहे. गावातले चार जण पाहून गेले. तथापि माझी उंची सहा फूट असल्याने सीटवर बसले की खटक्याची मूठ डाव्या गुडघ्यात रुतते. घोडीजवळ इतके वाकावे लागते की गेले आठ दिवस कंबर धरली आहे. येथील वेल्डरने हात लावण्यास नकार दिला. ज्याने केले त्यालाच विचारा, असे तो म्हणतो. डाळिंबाचा बहार धरण्याचे दिवस आहेत आणि धाकट्याच्या बागेत गवत माजले आहे.

मागे आपल्याकडे पाठवण्यासाठी सुकन्याचे माप सुतळीवर घेतल्याचे मी पाहिले होते. त्याप्रमाणे माझ्या मापाची सुतळी पाच गाठी मारून सोबत पाठवत आहे. कापून माझ्या मापाचे करावे, ही विनंती.

सुकन्या सुरतेत रुळली असे कळते. आईच तेवढी दिवसातून एकदा तिचे नाव काढते.

आपला स्नेहांकित,
बापूसाहेब


शुक्रवार पेठ, सोलापूर
२० जानेवारी २०२५

चि. सौ. सुकन्या हिला मामाचे आशीर्वाद.

दोन म्हैने पत्र न्हाय तुझं. फोनवर बरी हाय बरी हाय म्हणतीस, पण तुझ्या बरी हायमध्ये जीव नसतो.

बापूसाहेबांचं पत्र आलं. आत त्यांच्या मापाची सुतळी. तुझ्या सुतळीशेजारी खिळ्याला लावून बघितली, वीतभर खाली लोंबत होती. मामीनं ती उतरवून गुंडाळली आणि म्हणाली, ही आपल्या घरात नको. मी त्यांना उत्तर धाडलं की जोडणी एकाच माणसाच्या मापाची हाय, कापली तर खटका बसणार न्हाय. ज्या माणसाच्या मापाची, त्याला बोलवा.

खोटं लिहिलं, सुकन्या. अर्ध्या तासाचं काम होतं. हे काम मला येत न्हाय असं तीस वर्षांत मी कुणाला सांगितलं न्हवतं, पण ह्या खेपेला सांगितलं. तुला मोकळं करायला म्हणून केलं आणि माझ्याच हातानं तुला बागेतनं काढलं, हे माझ्या डोक्यातनं जात न्हाय. मालक विचारतो, मामा, हल्ली लक्ष कुटं असतं?

तुझी सुतळी अजून खिळ्यालाच हाय. गाठी सोडल्या न्हाईत.

दोन ओळी तरी लिही पोरी.
तुझा मामा


सुरत
२ फेब्रुवारी २०२५

ति. शहाजीमामांना सुकन्याचा वाकून नमस्कार. वि. वि.

लिहिलं न्हाय, कारण लिहायला काय घडतच न्हवतं. हे सकाळी सातला जातात, संध्याकाळी येतात. मी दोन माणसांचा स्वयंपाक करते आणि मग खिडकीतनं समोरच्या भिंतीकडं बघते. एक दिवस कंटाळून नवी सुतळी घेतली, दारात उभी राहून माझी मीच पाच गाठी मारल्या आणि खोली मोजली. लांबीला दोन सुतळ्या आणि वर कोपरापर्यंत. रुंदीला दोनला कमीच. भांड्यांची फळी पाचव्या गाठीच्या वर, खिडकीची कडी त्याच्याबी वर. हितं एक वस्तू माझ्या मापाची न्हाय मामा.

ह्यांनी सुतळी बघितली. काय ते मी सांगितलं. ह्यांनी रविवारी ड्रिल मशीन मागून आणलं आणि फळी काढून हातभर खाली लावली. अगदी चौथ्या गाठीला. मग विचारलं, आता बरं हाय का? मी बरं हाय म्हणाले. फळीला डोकं टेकून रडायला आलं, पण हे घरात होते.

परवा भावजींचा फोन आला ह्यांना. तुमचं उत्तर मिळालं होतं त्यांना. कंबर पार गेलीय, बाग तशीच पडलीय. हे म्हणाले, आठ दिवस जा, दादाला नीट शिकवून ये. उंची कशी शिकवायची असती मामा? पण मी व्हय म्हणाले. तुमचं खोटं माझ्याकडनं फुटायचं न्हाय, काळजी करू नका. मंगळवारी निघते. जायचं आणि यायचं, दोन्ही तिकिटं काढून झालीत.

आत्याबाईंना कळवलं तर फोनवर एवढ्या मोठ्यानं बोलल्या की खोलीत घुमलं. घोडीवरची अवजारं पुसून ठेवते म्हणाल्या.

तुमी जोडणी केल्यापासनं अडीच एकर बाग माझी दीड दिवसात कोळपून होती. ह्या खेपेला आठच्या आठ दिवस घालणार हाय. आयुष्यात कुटलं काम मी रेंगाळत केलं न्हाय, तुमाला ठाव हाय. पण आता तेवढंच माझ्या हातात हाय. मामा, मी लई हळू चालवणार हाय.

माया हाय तशीच राहू द्या.
तुमची,
सुकन्या