सुवार्ता सिस्टर, मी घंटा वाजवली

सुवार्ता सिस्टर यांना
असोद्याहून कुंदाचा नमस्कार.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. रक्त दिल्याचं कोणाला सांगू नका, असं तुम्ही बजावलं होतं, आणि काल नाताळला मी ते भर चर्चमध्ये सांगून बसले.

मागच्या नाताळला तुमच्या दवाखान्यात ऋतिका झाली, तेव्हा माझा रक्तस्राव थांबेना आणि माझ्या गटाचं रक्त कुठे मिळेना. नवी पांढरी साडी नेसून तुम्ही प्रार्थनेला निघाला होता. तशाच परत फिरलात आणि बाजूच्या खाटेवर आडव्या झालात.

तुमची बदली झाल्याचं कळलं, म्हणून केळीचा पहिला घड तुमच्या देवापुढे ठेवायला जळगावला गेले. दारात घंटेचा दोर दिसला. देवळात घंटा वाजवतो तसा सवयीने ओढला. आतले बठ्ठे लोक धावत आले! "काय झालं ताई?" पाद्रीबाबांनी विचारलं. घाबरून मी खरं ते सांगून टाकलं.

ते रागावले नाहीत. मला पहिल्या बाकावर बसवलं. मग तुमच्या देवाने लोकांसाठी स्वतःचं रक्त कसं दिलं, ते सांगू लागले. सगळे डोळे मिटून ऐकत होते. मी माझी नाडी धरून ऐकत होते.

ऋतिकाची आई,
कुंदा