चार वर्षांची कवळी

दादा,

आईच्या कवळीला खर्च किती आला, हे तू तिसऱ्यांदा विचारलंस. तुला मी नुसता आकडा कळवीन. हे पत्र काही टाकणार नाही.

डॉक्टरांनी दोन नमुने दाखवले. स्वस्तातली कवळी चार वर्षं टिकेल म्हणाले, महागातली दहा. त्या वेळी मापासाठी आईच्या तोंडात गुलाबी लगदा भरला होता, त्यामुळे तिला बोलता येत नव्हतं. मी पटकन म्हणून गेले, "चार वर्षांवाली पुरे."

आई एकटक माझ्याकडे बघत राहिली. लगदा निघाल्यावर तिने चूळ भरली आणि इतकंच म्हणाली, "चल."

कवळी येऊन महिना झाला, पण ती डबीतच पडून आहे. आई पाव दुधात भिजवून गिळते. काल माझा तोल सुटला. "टोचते का? सैल होते का? मग घालत का नाहीस?"

"छान बसते गं," आई शांतपणे म्हणाली. "पण आतापासून कशाला झिजवू? चार वर्षांच्या वर जगले, तर तुझीच पंचाईत व्हायची."

दादा, आता आकडा किती लिहू?

तू जिला हिशेबी म्हणून शाबासकी देतोस,
ती तुझी धाकटी