प्युरिफायर आणि कंट्रोल रूमचा चहा

तीर्थस्वरूप मामांना भाच्याचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आणि मामींचं त्या गुडघ्यावरचं भाषण, दोन्ही आता कमी झालं असेल अशी आशा आहे. मी बरा आहे, म्हणजे या जहाजावर एखाद्या शहाण्या माणसाला जितपत बरं राहता येईल तितपत. (असा माणूस इथे एकच आहे. कोण ते सांगत नाही.)

गेले चार दिवस प्युरिफायरने आमची अब्रू वेशीला टांगली आहे. गरागरा फिरून इंधनातलं पाणी आणि गाळ वेगळा काढायचा, एवढंच त्याचं काम. पण तो चांगलं तेलच गाळाच्या टाकीत ओततोय. इंजिनाच्या स्वच्छ तेलाची पातळी रोज खाली जातेय आणि आमच्या चीफ इंजिनिअरसाहेबांचा आवाज रोज वर. याच आठवड्यात ते माझ्या बढतीचा अहवाल लिहिणार आहेत. 'खोललास तू, बसवलास तू,' एवढंच ते ऐकवतात. वीस वर्षांपूर्वी हा माणूस तुमच्या जहाजावर तुमच्या हाताखाली शिकला म्हणे, पण तुमचा एक गुण अंगाला लागला असेल तर शपथ!

मग एकेकाने अकलेचे तारे तोडले. सेकंड इंजिनिअर म्हणाला, तेल पुरेसं तापत नाही. तापवलं; गळती तशीच, फक्त आम्ही तापलो. इलेक्ट्रिशियनने मोटरला हात लावून मोटर निर्दोष असल्याचा निकाल दिला (मोटरवर आरोप कोणी केलाच नव्हता). यंत्रांना तेलपाणी करणाऱ्या ऑइलरने नाकाने कांदे सोलत सांगितलं, मागच्या जहाजावर असं कधी झालं नव्हतं. त्याच्या मागच्या जहाजावर कधीच काही होत नसे. बहुधा ते चालतच नसावं. मी मात्र पद्धतशीर पाण्याचा दाब पाहिला, बारीक नळ्या फुंकल्या, पट्टा तपासला. आतली जोडणी तेवढी पुन्हा उघडली नाही, कारण ती मीच केली होती.

त्यात इथला चहा! कंट्रोल रूमच्या किटलीतून चार दिवस जुन्या चपलेच्या वासाचं पाणी येतंय. चहा करणाऱ्या मेसमनला झापलं, तर म्हणतो पत्ती तीच आहे. चीफसाहेब दिवसाला सहा कप रिचवतात. अशा जिभेच्या माणसाने माझी पारख करायची!

मामींना नमस्कार.

तुमचा,
भाचा

ता. क. : किटली घासायला घेतली, तर तळाशी प्युरिफायरची, तेल अडवणारी रबरी रिंग निघाली. नवी रिंग बसत नसेल तर गरम पाण्यात मऊ करावी, ही तुमचीच शिकवण. मी ती दुमडून किटलीत टाकली, तेवढ्यात अलार्म वाजला, आणि परत येऊन रिंगशिवायच सगळं बसवून टाकलं. आता खरं काम सांगतो. चीफसाहेब रविवारी तुम्हाला फोन करणार आहेत. अशा रिंगा कारखान्यातूनच खराब येतात, तुमच्या काळीही यायच्या, असं त्यांना छातीठोकपणे सांगा. बढतीचा प्रश्न आहे.

आणखी एक ता. क. : सांगू नका. रिंग हातात धरून वळलो, तर चीफसाहेब दारात. त्यांनी एवढंच विचारलं, ही युक्ती कोणाची? मी तुमचं नाव घेतलं. ते हातातला कप खाली ठेवून म्हणाले, "तुझ्या मामांच्या जहाजावर असल्याच चहासाठी मी बिचाऱ्या आचाऱ्याला दोन वर्षं शिव्या घातल्या." अहवाल त्यांनी कोरा ठेवलाय, आणि फोन आजच येणार आहे, म्हणून हे पत्र लगेच ईमेलने पाठवतोय. मामा, माझ्यासाठी त्या किटलीचं तेवढं कबूल करा.