पाच एकरांवरचं पहिलं नाव

प्रिय सुकन्या,

तुला आणि संस्कृतीला पोटभर आशीर्वाद, कारभारींना नमस्कार. फोन असताना पत्र कशाला, म्हणून दचकू नकोस. घरी सगळे धडधाकट आहेत. तीस वर्षं अंगणवाडीची रजिस्टरं लिहिलेला हात आहे, अक्षर अजून वाचण्यासारखं आहे.

बातमी आधी सांगते. अमृतच्या नावाची जमीन मंजूर झाली. ओढ्याच्या वरच्या अंगाची सरकारी पड, पाच एकर. सहा वर्षं झाली अर्ज देऊन. जमीन हलकी आहे, मुरमाड. पण तुझ्या आबांनी, म्हणजे अमृतच्या वडिलांनी, चार जागी खणून पाहिलं आणि तूर येईल म्हणाले. ज्या माणसानं आठ वर्षं कशाचा हुरूप धरला नाही, तो मातीचं ढेकूळ खिशात घालून घरी आला.

अमृतच्या पलटणीतले साहेब घरी आले होते ते आठवतं तुला? तुकडीच्या वाटेवरचे अकरा सुरुंग त्यानं हातानं काढले आणि बारावा फुटला, असं त्यांनी सांगितलं होतं. मागून येणारे सगळे जण आपापल्या घरी गेले. तेव्हा रडण्यात ते नीट ऐकलंच नाही मी. आता अंगणवाडीतल्या पोरांना सांगते, तेव्हा आवाज कापत नाही माझा. त्या वेळी तू पंचविशीची, कडेवर दीड वर्षाची संस्कृती. दोन वर्षांनी कोल्हारचं स्थळ मीच काढलं. गाव काय काय बोललं ते तुलाही माहीत आहे. आबा तर लग्नाच्या दिवशी रानात निघून गेले, तुझी पाठवणी करायला दारातसुद्धा आले नाहीत. महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. पण संस्कृतीला सायकलवर शाळेत सोडणाऱ्या कारभारींचा फोटो तू पाठवलास, तेव्हा मी एकटीच मोठ्यानं स्वतःला म्हणाले, बरं केलंस साळूबाई.

आता जे तुला माहीत नाही ते. तुझ्या दिरानं, छगननं, कोल्हारला येऊन तुझी सही घेतली, हे मला जमिनीच्या सुनावणीच्या आदल्या दिवशी कळलं. ‘जमिनीत माझी किंवा माझ्या मुलीची काही मागणी नाही’ असं त्या कागदावर होतं. आधी तुझाच राग आला. एका शब्दानं विचारलं नाहीस मला! मग उमगलं, तुला वाटलं असणार, आम्हीच त्याला पाठवलंय. सुकन्या, तसं नव्हतं गं. माझा धाकटा लेक आहे तो, पण ते त्याचं त्यानं केलं.

सुनावणी नगरला होती. अधिकारी बाई तुझ्याच वयाच्या. त्यांनी तुझा कागद वाचला. मी उठले आणि म्हणाले, हा कागद घेऊ नका. त्यांनी शांतपणे विचारलं, “आजी, सूनबाई दुसऱ्या घरी नांदतात, त्यांची तयारी आहे. मग तुमची हरकत का?” मी म्हणाले, “मॅडम, तिचं लग्न मी लावलंय. आणि पोरगी माझ्या अमृतची आहे. बापाच्या जिवापायी मिळालेली जमीन, आणि तिच्यावर लेकीचंच नाव नाही, असा उतारा मी कुणाला दाखवू?” छगन मधेच म्हणाला, “आई, घर सोडून गेलेल्या मानसांचं हितं काय हाय आता?”

तेव्हा आबा उठले. टोपी काढून हातात घेतली. मला वाटलं, झालं, आता हे छगनच्या बाजूनं बोलणार. ते म्हणाले, “छगन, गप बस. मॅडम, पोरीचं नाव पह्यलं लिवा. तिचा सांभाळ करनारी म्हनून तिच्या आईचं लिवा. आमी म्हातारी मानसं, आमचं लिवलं न्हाई तरी चालंल.” लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, पण हा माणूस मला त्या खोलीत नव्यानं भेटला.

आदेशात पहिलं नाव संस्कृती अमृत असं आहे, पालनकर्ती आई सुकन्या. आमची नावं त्याखाली आहेत. मॅडमनी ती लिहिलीच. छगन दुसऱ्या दिवशी कोयता घेऊन पडीवरची बाभळ तोडायला गेला. त्याला माफ कर असं मी म्हणणार नाही, ते तुझं तू ठरव.

पुढच्या शुक्रवारी मोजणी आणि ताबा आहे. पण तेवढं सांगायला फोन पुरला असता. आबांना तुझ्याशी बोलायचं आहे. तीनदा तुझा नंबर लावला आणि रिंग जायच्या आत कापला. शेवटी मला म्हणाले, “तूच लिव. म्हनावं, तवा दारात आलो न्हाई, ते माझं चुकलं.” म्हणून हे पत्र. गुरुवारी ते स्वतः कोल्हारला येणार आहेत, तुम्हा तिघांना न्यायला. कारभारींना सोडून येऊ नकोस, हा निरोपही त्यांचाच. परवा तलाठ्यानं विचारलं, मोजणीला मालकाकडून कोण उभं राहणार? तर आबा म्हणाले, “माझी लेक येनार हाय, कोल्हारहून.”

तुझीच,
आई